वाडा, जिना आणि दिवा: गॉथिक भयपटांच्या कार्यक्रमाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

हॉल नक्की झाला. नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ, खुर्च्या त्यांच्या, प्रोजेक्टर आपला. पडदे जाड आहेत हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपला अख्खा विषय अंधाराचा आहे आणि पावसाळ्यातही सहा वाजता बाहेर बऱ्यापैकी उजेड असतो.

कार्यक्रम असा: गॉथिक भयपटांचा (म्हणजे जुने वाडे, गढ्या आणि घराण्यांच्या शापांभोवती फिरणाऱ्या भयपटांचा) इतिहास, दर शनिवारी एक सत्र, थोडं बोलणं, क्लिप्स, आणि प्रत्येक सत्रात एक गोष्ट लोकांसमोर हाताने करून दाखवायची. टीममधे मी, ताई (माझी मावसबहीण, एकांकिकांची प्रकाशयोजना करते) आणि आमच्या मजल्यावरचे काका, जे ठाण्यातल्या एका सिंगल स्क्रीनला ऑपरेटर होते आणि ज्यांनी रीळ बदलता बदलता हॉरर सिनेमा आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा बघितलाय.

मला काय मांडायचंय ते आधी लिहून ठेवते म्हणजे नंतर भरकटायला नको. गॉथिकमधे भूत दुय्यम असतं, मुख्य असतं ते घर. ह्या सगळ्याचं मूळ धरलं जातं ते होरेस वॉलपोलचं १७६४ सालचं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो', त्यात सुरुवातीलाच लग्नाच्या दिवशी मुलगा एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो आणि पुढची सगळी कथा गादी बळकावणारा कोण आणि खरा वारस कोण ह्यावर चालते. म्हणजे पाया वारसाहक्काच्या भानगडीचा. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. भाऊबंदकी, सात-बाऱ्यावरची नावं, केस कोर्टात आहे म्हणून वर्षानुवर्षं कुलूप असलेली मागची खोली, हे चरई-नौपाड्यातल्या कितीतरी घरांनी बघितलंय, आणि आता ती घरंच जाऊन तिथे टॉवर उभे राहिलेत. लाकडी जिना करकरतो म्हणजे काय हे घोडबंदर रोडला वाढलेल्या पोरांना सिनेमातूनच कळणार.

आणि दुसरं म्हणजे, हा इतिहास दिग्दर्शकांच्या नावाने सांगतात पण मला तो कॅमेरामन आणि सेट करणाऱ्यांचा वाटतो. जसजसं वाचतेय तसतसं हे पक्कं होत चाललंय. त्यामुळे प्रत्येक सत्राचा हिरो दिवा किंवा जिना.

८ जून, रविवार

पहिलं सत्र, मूकपट. जॉर्ज मेलिएसची १८९६ ची तीनेक मिनिटांची फिल्म घेतेय, 'ल मनुआर द्यू दियाब्ल', सैतानाची गढी. वटवाघूळ उडत येतं आणि त्याचा सैतान होतो. लुमिएर बंधूंचे पॅरिसमधले पहिले तिकीट लावून केलेले खेळ डिसेंबर १८९५ चे, म्हणजे सिनेमा जन्माला येऊन वर्ष-दीड वर्ष झालं नाही तोवर गढी आणि वटवाघूळ हजर होतं.

मग एडिसन कंपनीचा १९१० चा 'फ्रँकनस्टाइन'. ह्यात राक्षस मोठ्या कढईतून तयार होतो. त्यांनी पुतळा जाळून त्याचं शूटिंग केलं आणि फिल्म उलटी चालवली, त्यामुळे जळून गेलेलं मांस हाडांवर परत चढताना दिसतं. हे बघितल्यावर ताई पाच मिनिटं गप्पच होती, मग म्हणाली की आजही आपण एकांकिकेत ह्याहून वेगळं काय करतो गं.

१९२० चा 'कॅलिगरी' आणि १९२२ चा 'नोस्फेरातू' हे दोन जर्मन मूकपट एकमेकांशेजारी ठेवायचेत, कारण दोघांत सावलीचा हिशोब उलटा आहे. 'कॅलिगरी'मधे हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग ह्या तिघांनी सावल्या आणि उजेडाचे पट्टे सरळ सेटवर रंगवले, भिंती तिरक्या, खिडक्या सुरीसारख्या. 'नोस्फेरातू'मधे फ्रीडरिश मुर्नाऊने कॅमेरा बाहेर नेला, विस्मार आणि ल्युबेकच्या खऱ्या गल्ल्या, स्लोव्हाकियातला ओराव्हाचा खरा किल्ला, आणि जिन्यावरून चढत जाणारी ती सावली पण खरी, दिव्याने पाडलेली. लोकांना वाटतं जर्मन एक्स्प्रेशनिझम (त्या काळातल्या जर्मन सिनेमाची ही शैली) म्हणजे सगळं तिरकं तिरकं. 'नोस्फेरातू'त जवळपास काहीच तिरकं नाहीये आणि तरी तोच जास्त अंगावर येतो, माझ्या मते तरी.

'नोस्फेरातू'ची कोर्टाची गोष्ट पण सांगायची. प्राना फिल्म कंपनीने ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेता सिनेमा काढला, स्टोकरची बायको फ्लॉरेन्स कोर्टात गेली, १९२५ मधे सगळ्या प्रिंट्स नष्ट करायचा हुकूम झाला, पण तोवर काही प्रिंट्स इकडे तिकडे पोचल्या होत्या म्हणून आज सिनेमा आहे. आणि उन्हाने व्हँपायर मरतो हे जे सगळ्या जगाला माहीत आहे ते ह्याच सिनेमातून आलं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमधे फिरतो.

१४ जून, शनिवार

जिन्याचं मॉडेल झालं. सनबोर्डचा जिना, बारा पायऱ्या, एक वळण, कठडा आइस्क्रीमच्या काड्यांचा, मागे पांढरी भिंत. सामान जांभळी नाक्याच्या बाजूला मिळालं, पाऊस इतका होता की सनबोर्ड प्लास्टिकमधे गुंडाळून छातीशी धरून आणला.

सावलीचा प्रयोग करताना कळलेलं लिहून ठेवते कारण सत्रात हेच बोलायचंय. आधी घरातली साधी एलईडी बॅटरी लावली, सावलीच्या कडा मऊ, दोन दोन दिसायच्या, कारण त्या बॅटरीत एकाच्या जागी बरेच छोटे दिवे. मग ताईने तिच्या पेटीतून एकाच एलईडीची बारीक टॉर्च काढली, पुढची काच काढून टाकली, आणि एकदम धारदार सावली पडली, पाचही बोटं वेगवेगळी. हात दिव्याजवळ नेला की सावली वाढते, भिंतीजवळ नेला की कमी होते, हे शाळेतलंच आहे, पण हात दिव्याच्या फारच जवळ गेला की सावली मोठी होते आणि कडाही विरघळायला लागतात. म्हणजे भीतीदायक बोटं हवी असतील तर मोठेपणा आणि धार ह्यांच्यात कुठेतरी मधली जागा शोधावी लागते. मुर्नाऊच्या त्या शॉटमधे मला ही मधली जागा दिसते, बोटं लांबच लांब आहेत आणि तरीही एकेक मोजता येतं.

काकांनी मॉडेल बघून विचारलं, "जिनाच का?" मी म्हंटलं, काका, वर कोण आहे ते खालच्याला दिसत नाही आणि खाली कोण आलंय ते वरच्याला दिसत नाही, सपाट खोलीत ही सोय नाही. त्यांना पटलं. मग त्यांच्या गावच्या घराच्या माळ्याची एक लांबलचक गोष्ट सांगितली ती इथे लिहीत नाही पण सत्रात त्यांच्याकडूनच वदवून घ्यायची.

१५ जून, रविवार

दुसऱ्या सत्रासाठी युनिव्हर्सल स्टुडिओ, १९३१. फेब्रुवारीत 'ड्रॅक्युला', नोव्हेंबरमधे 'फ्रँकनस्टाइन'. एका वर्षात दोन्ही!

इथे एक फार भारी तुलना हाताशी आहे. टॉड ब्राउनिंग दिवसा बेला लुगोसीला घेऊन इंग्रजी 'ड्रॅक्युला' शूट करायचा आणि रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्ड दुसरी नटमंडळी घेऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' शूट करायचा. तोच किल्ला, तीच कोळ्याची जाळी, तोच जिना. इंग्रजीत काउंट जिन्यावर उभा असतो आणि आपण त्याला लांबून बघतो, स्पॅनिशमधे कॅमेरा जिन्याच्या खालून उचलला जातो आणि हवेत तरंगत त्याच्यापर्यंत जातो. लुगोसीसारखा माणूस स्पॅनिशवाल्यांकडे नव्हता हे मान्य, पण कॅमेरा त्यांच्याकडे जास्त जागा होता. दोन्ही क्लिप्स एकामागे एक, मधे मी काही बोलणार नाही.

इंग्रजीचा कॅमेरामन कार्ल फ्रॉयंड. हाच माणूस बर्लिनमधे 'मेट्रोपोलिस'वर होता आणि अमेरिकेत आल्यावर १९३२ मधे 'द ममी' त्याने दिग्दर्शित केला. कॅमेरा किंवा सेटवरून दिग्दर्शनाकडे गेलेल्यांच्या माझ्या यादीत पहिलं नाव. त्याच्या आधीचा पॉल लेनी, जर्मनीत सेट डिझायनर, हॉलिवुडला येऊन १९२७ मधे 'द कॅट अँड द कॅनरी' केला, मृत्युपत्राच्या वाचनासाठी सगळे नातेवाईक एका जुन्या घरात रात्री जमतात. परत वारसाहक्क! मी शोधायला जात नाहीये, ते आपोआप समोर येतंय.

'फ्रँकनस्टाइन'बद्दल: बोरिस कार्लोफचा चेहरा जॅक पिअर्स ह्या मेकअपवाल्याने घडवला आणि तो चेहरा इतका युनिव्हर्सलचा झाला की पुढे १९५७ मधे इंग्लंडच्या हॅमर कंपनीने त्याच कादंबरीवर सिनेमा करायला घेतला तेव्हा त्यांना मुद्दाम वेगळा मेकअप करावा लागला. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची, सगळ्यांची, पण चपटं डोकं आणि मानेतले बोल्ट स्टुडिओचे.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस ह्या प्रोजेक्टमधला सगळ्यात सॉलिड.

१९३१ च्या शेवटी पॅरामाउंटचा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' आला, दिग्दर्शक रूबेन मामूलियान, कॅमेरामन कार्ल स्ट्रस, आणि फ्रेडरिक मार्चला त्यासाठी ऑस्कर मिळालं. त्यात जेकिल आरशासमोर उभा असताना, एकाच शॉटमधे, कट नाही काही नाही, चेहऱ्यावर काळ्या रेषा आणि डाग उमटत जातात. युक्ती अशी की तो मेकअप आधीपासून चेहऱ्यावर असतो, रंगीत असतो, आणि त्याच रंगाच्या फिल्टरमधून बघितला की ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर दिसत नाही. फिल्टर बदलला की उमटतो. स्ट्रसने हीच गोष्ट आधी १९२५ च्या 'बेन-हर'मधे महारोग बरा होताना उलट्या दिशेने वापरली होती, तिथे डाग नाहीसे होतात.

हे आम्हाला लोकांसमोर करायचं होतं. दोन टॉर्च, एकीला लाल जिलेटिन पेपर, दुसरीला हिरवा, कॅमेरा म्हणून मोबाईल ब्लॅक अँड व्हाइट मोडवर आणि तो प्रोजेक्टरला जोडलेला. ताई खुर्चीत बसली आणि मी तिच्या लाल लिपस्टिकने कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली अर्धगोल, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत दोन रेघा आणि ओठांवर उभ्या बारीक चिरा काढल्या. खोलीतला ट्यूबलाइट बंद. लाल टॉर्च लावली. मोबाईलच्या स्क्रीनवर ताईचा चेहरा स्वच्छ, गुळगुळीत, जरा जास्तच गोरा, कारण लाल उजेडात आपली त्वचा आणि लिपस्टिक दोन्ही जवळजवळ सारखाच उजेड परत फेकतात. मग लाल हळूहळू बाजूला नेत हिरवी पुढे आणली आणि त्या रेघा आतून वर आल्यासारख्या उमटायला लागल्या, आधी आठ्या, मग डोळ्यांखालचं, मग ओठांच्या चिरा, आणि दोन-तीन सेकंदांत माझी बत्तीस वर्षांची बहीण साठीची म्हातारी झाली. तिने तेवढ्यात फक्त मान किंचित खाली केली. मी पहिल्यांदाच टॉर्च धरून बसले होते, मला माहीत होतं काय होणार आहे, रेघा मीच काढल्या होत्या, तरी अंगावर काटा आला.

तांत्रिक नोंद: जिलेटिन पेपरचा एक थर पुरत नाही, लालमधून बाकीचा उजेड निसटतो आणि रेघा फिकट दिसत राहतात, दोन थर लावले की साफ. हिरव्यात चेहरा एकंदरच काळवंडतो म्हणून हिरवी टॉर्च जास्त जवळ हवी. मोबाईलचा एक्स्पोजर लॉक करायचा नाहीतर तो स्वतःच उजेड सारखा करत बसतो आणि मजा जाते. लिपस्टिक विटकरी नको, शुद्ध लाल हवी, कुंकू पण चालेल.

हीच युक्ती इटलीत मारिओ बाव्हाने 'इ व्हँपिरी'मधे केली, १९५७, तरुण दिसणारी बाई कॅमेऱ्यासमोर म्हातारी होते. बाव्हा तेव्हा कॅमेरामन होता, दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा काम अर्धवट सोडून गेला आणि बाव्हाने ते पुरं केलं. मग १९६० मधे स्वतःचा 'ला मास्केरा देल देमोनिओ', बार्बरा स्टील दुहेरी भूमिकेत, एक जिवंत वारसदार मुलगी आणि एक दोनशे वर्षांपूर्वी मारलेली पूर्वज. यादीत अजून एक कॅमेरामन.

२८ जून, शनिवार

चाळीसच्या दशकातले दोन. हिचकॉकचा 'रेबेका', १९४०, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. भूत शून्य. मेलेली पहिली बायको आख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही आणि तरी तिची खोली, तिचा ब्रश, तिची नोकराणी मिळून दुसरीला जगू देत नाहीत.

दुसरा निर्माता व्हॅल ल्यूटनचा 'कॅट पीपल', १९४२. आरकेओ स्टुडिओ त्याला आधी नाव द्यायचा, ह्या नावाचा सिनेमा काढ म्हणून, पैसे थोडेच द्यायचा, सेट दुसऱ्या सिनेमांचे उरलेले. 'कॅट पीपल'मधला तो घरातला सुंदर जिना ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'चा आहे. त्यातला तो प्रसंग, बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीये, मागे टाचांचा आवाज, मग तो आवाजही थांबतो, आणि तेवढ्यात एकदम फिस्स करून बस येऊन उभी राहते. बिबळ्याचं गुरगुरणं वाटावं असा तो ब्रेकचा आवाज. आपल्या टीएमटीच्या बसने रोज हे आवाज काढलेत पण कुणी असा वापरला नाही. आज सगळे हॉररवाले जी एकदम दचकवण्याची युक्ती करतात तिचा हा आजोबा, पण फरक बघायचा तर ल्यूटन आधी दोन मिनिटं शांतता साठवतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं होतं की प्रत्येक सत्रात निदान एक तरी जोरदार दचका पाहिजे, नाहीतर कॉलेजची मुलं उठून जातील. मी ऐकणार नाहीये. ही क्लिप दाखवू, तेवढा एक दचका पुष्कळ झाला.

'द इनोसंट्स', १९६१, जॅक क्लेटन. स्टुडिओचा हट्ट की सिनेमास्कोपमधेच करा, म्हणजे पडदा लांबच लांब, आणि एका बाईच्या एकटेपणाच्या गोष्टीला एवढी रुंदी करायची काय. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने हाताने रंगवलेले फिल्टर लावून फ्रेमच्या दोन्ही कडा काळ्या केल्या, त्यामुळे पडदा रुंदच राहिला पण नायिका डेबोरा कर मधल्या उजेडात अडकली आणि दोन्ही बाजूंना काहीही असू शकेल असा अंधार तयार झाला. हे आम्ही करून दाखवणार, काचेच्या तुकड्यावर कडेने काळा रंग बोटाने पुसत न्यायचा आणि तो मोबाईलपुढे धरायचा. पाच मिनिटांचं काम आहे. फ्रान्सिस पुढे हॅमरसाठी भयपट दिग्दर्शित करायला लागला, यादी वाढली.

६ जुलै, रविवार

आषाढी, त्यामुळे काकांकडे खिचडी खात खात हॅमरचं सत्र लावलं.

१९५७ 'द कर्स ऑफ फ्रँकनस्टाइन', १९५८ 'ड्रॅक्युला', दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली. थेम्स नदीकाठचं ब्रे स्टुडिओ म्हणजे मुळात एक मोठं घर होतं, आणि बर्नार्ड रॉबिन्सन नावाचा कलादिग्दर्शक तेच खांब, तेच जिने, त्याच कमानी रंग आणि पडदे बदलून सिनेमामागून सिनेमात वापरायचा. १९६६ चे 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि रास्पुतिनवरचा सिनेमा एकाच सेटवर पाठोपाठ झाले. त्यातला ड्रॅक्युला अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. आणि रंग! तीस वर्षं रक्त काळं होतं ते एकदम लाल झालं, ह्याचा धक्का आज आपल्याला कळणार नाही.

अमेरिकेत रॉजर कॉर्मनचा 'हाउस ऑफ अशर', १९६०, व्हिन्सेंट प्राइस, जेमतेम १५ दिवसांत शूट केलेला. पैसे देणाऱ्यांची शंका होती की ह्यात राक्षस कुठे आहे, आणि कॉर्मनचं उत्तर, घर हाच राक्षस. माझं अख्खं प्रास्ताविक ह्या माणसाने तीन शब्दांत संपवलंय. शेवटी घर जळतं त्यासाठी त्याने एक खरंखुरं पाडायला काढलेलं धान्याचं कोठार जाळलं आणि ते फुटेज पुढच्या सिनेमांत परत परत वापरलं.

काका हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंवर बोलणार हे आज ठरलं. 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२, 'पुराना मंदिर' १९८४, 'वीराना' १९८८. सगळे भाऊ मिळून काम, कॅमेऱ्यावर गंगू रामसे, आणि निळे-लाल जिलेटिन लावून केलेला उजेड जो सरळ हॅमर आणि बाव्हाच्या घरचा वाटतो. कोकणातला मुरूडचा नवाबाचा राजवाडा त्यांनी शूटिंगला वापरला. काका म्हणाले, "अगं पोरी, लोक हसायचे रामसेंना, पण 'पुराना मंदिर'ला गेटवर पोलीस बोलवायला लागायचे, आणि इंटरवलला एकटा माणूस बाथरूमला जायचा नाही, चौघं मिळून जायचे." हे असंच्या असं बोला म्हंटलं. 'पुराना मंदिर'मधे पण शापच आहे, राजघराण्याच्या पुढच्या पिढ्यांवर.

१२ जुलै, शनिवार

'महल'. ह्या सत्रासाठी मी हा सगळा खटाटोप केला असं म्हंटलं तरी चालेल.

१९४९, बॉम्बे टॉकीज, मालाडचा स्टुडिओ, कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. अशोककुमार नवीन घेतलेल्या हवेलीत रात्री येतो आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत स्वतःचाच चेहरा बघतो. कॅमेरामन योसेफ वीर्शिंग, म्यूनिकचा. तिथल्या एमेल्का कंपनीबरोबर 'प्रेम संन्यास'च्या वेळी पहिल्यांदा भारतात आला, मग हिमांशू रॉय आणि देविका राणींच्या बॉम्बे टॉकीजमधे 'अछूत कन्या' वगैरे त्याने शूट केले, दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी नजरकैदेत टाकला, सुटून परत आला आणि 'महल' केला. पुढे 'पाकीज़ा'चं काम चालू असतानाच १९६७ मधे इथेच गेला.

'जर्मन एक्स्प्रेशनिझम मालाडला आला' असं सरसकट म्हणतात ते मला अर्धंच पटतं. वीर्शिंग बर्लिनच्या त्या कंपूतला नव्हता. 'महल'मधे तिरक्या भिंती नाहीत, आहे तो एकाच बाजूने येणारा उजेड, झुंबर, हलणारा झोपाळा, आणि मधुबाला कायम दोन खोल्या पलीकडे, दोन खांबांच्या मधे, पोचेपर्यंत गेलेली. आणि आवाज. 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी लांबून येतायत असं वाटायला हवं होतं, तेव्हा आज जसं कॉम्प्युटरवर करतात तसं काही नव्हतं, म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. हे त्यांनी स्वतः कितीतरी वेळा सांगितलंय. म्हणजे गाण्यातलं अंतर खरं, पावलांनी कापलेलं अंतर आहे. आम्ही हे हॉलमधे करून बघणार, ताईची एक मैत्रीण गाते, माइक मधे, ती दारापासून चालत येणार आणि लोकांनी डोळे मिटून ऐकायचं. संगीतकार खेमचंद प्रकाश १९५० मधेच गेले, त्या गाण्याने पुढे काय काय केलं ते त्यांना फारसं बघायला मिळालं नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

'महल'चे एडिटर बिमल रॉय. नऊ वर्षांनी त्यांनीच 'मधुमती' केला, कथा ऋत्विक घटक, संगीत सलील चौधरी. पावसाची रात्र, बंद पडलेली गाडी, जुनी हवेली, आधीच्या जन्माची आठवण, सगळं आहे. आणि ठाणेकरांसाठी खास: नैनीतालकडे केलेलं बरंचसं शूटिंग फिल्म फॉग झाल्यामुळे वाया गेलं, परत तिकडे जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात खोटी पाइनची झाडं उभी करून ते जुळवलं. आपण कसारा घाट चढून भिजायला जातो तिथे हिमालय आहे.

मग बिरेन नाग. आधी कलादिग्दर्शक, 'साहिब बीबी और ग़ुलाम'ची ती ढासळत जाणारी हवेली त्यांची, आणि त्याच १९६२ मधे दिग्दर्शक म्हणून 'बीस साल बाद', दोन वर्षांनी 'कोहरा', जो 'रेबेका'वरून. जर्मनीत लेनीने जे केलं तेच इथे. लेनी, फ्रॉयंड, बाव्हा, फ्रान्सिस, नाग, ही पाच नावं एका स्लाइडवर, खाली प्रत्येकाचं आधीचं काम.

एक निरीक्षण सत्रात चर्चेला ठेवायचंय. 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी', सगळीकडे शेवटी भूत नसतंच, माणूस निघतो. इंग्रजीत कादंबरीकार अॅन रॅडक्लिफ १७९४ मधे हेच करायची, सगळी भुतं शेवटी उलगडून दाखवायची. 'मधुमती' मात्र मागे हटत नाही, तिथे भूत खरं आहे आणि ते साक्ष द्यायला येतं, जमीनदाराकडून गुन्हा कबूल करून घेतं. ज्या गरीब मुलीचं जिवंतपणी कुणी ऐकलं नसतं तिचं मेल्यावर ऐकावं लागतं. मला हा शेवट जास्त धीट वाटतो.

१३ जुलै, रविवार

हक्कांचं बघितलं. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट रिलीजच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६४ पर्यंतचे सिनेमे आता मोकळे झालेत. त्यामुळे 'महल', 'मधुमती', 'बीस साल बाद', 'कोहरा' आणि राजा परांजप्यांचा 'पाठलाग' पण. 'पाठलाग' घ्यायचाच, मेलेली बायको परत येते की ती दुसरीच कुणी आहे, 'नको मारूस हाक', आणि राज खोसलांनी ह्यावरूनच 'मेरा साया' केला. लोकांना हिंदी आठवतो, मूळ मराठी आहे हे सांगायला मला फार बरं वाटेल. जुन्या मूकपटांच्या नवीन रिस्टोअर केलेल्या प्रतींवरचं संगीत मात्र नवीन असतं, ते बंद करून आपली पेटी-तबला साथ. बाकी नव्या आणि परदेशी सिनेमांच्या क्लिप्ससाठी पत्रं पाठवायची, त्यांची यादी केली.

'हा खेळ सावल्यांचा' १९७६ चा, तो मोकळा नाही. परवानगी मिळाली तर क्लिप, नाहीतर सुधीर मोघ्यांच्या 'रात्रीस खेळ चाले'वर नुसतं बोलायचं. त्या गाण्याचं नाव घेऊन आलेली मालिका हॉलमधल्या प्रत्येकाने बघितलेली असणार, आकेरीचा वाडा, अण्णा नाईक, आणि वडील गेल्यावर इस्टेटीसाठी जमलेली भावंडं. 'द कॅट अँड द कॅनरी'शी जोडून दाखवायचं.

शेवटचं सत्र 'तुंबाड', राही अनिल बर्वे, २०१८. नारायण धारपांच्या कथेचं बीज, २०१२ ला शूटिंग सुरू, मधे बरंचसं परत शूट, खरा पाऊस हवा म्हणून पावसाळ्यांची वाट बघणं. वाडा सासवडचा पुरंदऱ्यांचा. कॅमेरा पंकज कुमार, कंदिलाच्या उजेडात अख्खे प्रसंग. बाप लोभ मुलाला शिकवतो, वाड्यातून बाहेर पडूनही वाडा सुटत नाही. वॉलपोलपासून निघालेली गाडी इथे येऊन थेट आपल्या सात-बाऱ्यावर उभी राहते.

१९ जुलै, शनिवार

रंगीत तालीम झाली. हॉलमधे एक्झॉस्टच्या झडपेतून उजेड येतो तिथे काळा चार्ट पेपर लावायचा. मेकअपचा प्रयोग मागच्या रांगेतून नीट दिसतोय, गाण्याचा प्रयोग पंखे बंद केल्यावरच ऐकू येतो. क्लिपच्या आधी सिनेमाचं नाव, साल आणि कॅमेरामन असं तीनच ओळींचं कार्ड, दिग्दर्शकाचं नाव त्याच्याखाली लहान. ताईला हे जरा जास्त वाटतंय पण मी ठेवणार.

परवानगीचं उत्तर अजून नाही, सोमवारी परत फोन. पुढच्या शनिवारी पहिलं सत्र, ताई पाच वाजता जिना घेऊन येतेय, काका एक्स्टेंशन बोर्ड आणि जास्तीचे सेल आणतायत, लाल लिपस्टिक माझ्याकडे.